कमी ऐकू येण्याने काही हाती लागतं का? मला वाटतं, लागतं

धागाकर्ती
चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही कानांना यंत्रं लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली. गमावलं ते गमावलंच. पण मिळालं त्याबद्दल कुणी बोलत नाही. पूर्वी आमच्या घरात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये नुसती ओरडाओरड. आता ज्याला बोलायचंय तो समोर येऊन बसतो. मुलगा बारावीच्या निकालाचं टेन्शन सांगत होता, तेव्हा मी त्याचे ओठ आणि डोळे बघत होते. ऐकू येत असतं, तर भाजी चिरता चिरता नुसतं 'हं' म्हटलं असतं. आणि रात्री यंत्रं काढून बॅटरीची दारं उघडून डबीत ठेवली की विसर्जनाचा डीजेसुद्धा मला उठवत नाही.

प्रतिसाद १
ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण धाग्याची मला भीती वाटते. "बरंय, नको ते ऐकू येत नाही" असं म्हणत आमच्या बाबांनी सहा वर्षं यंत्र टाळलं. आधी भजनी मंडळ सुटलं, मग फोन, मग जेवताना बोलणं. घेतलं तेव्हा भांड्यांचा आवाजही सहन होईना. यंत्र कपाटात गेलं. आवाज नुसता बारीक होत नाही हो. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ गळतात. भाजीवाला 'साठ' म्हणतो, बाबा 'आठ' ऐकतात आणि चारचौघांत ओशाळतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२०च्या तज्ज्ञ आयोगाने मध्यमवयातली श्रवणहानी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या गोष्टींमध्ये धरली आहे. यात फायदा कुठला?

प्रतिसाद २
माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी आहे. ती आणि तिची मैत्रीण समोरासमोरच्या प्लॅटफॉर्मवरून, मधून गाडी जाईपर्यंत, खुणांच्या भाषेत निवांत गप्पा मारतात. आम्हा ऐकणाऱ्यांना ते जमत नाही. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपणा इतका होता की १९व्या शतकात तिथली ऐकू येणारी माणसंही खुणांनी बोलायची. तिथे बहिरा माणूस एकटा पडत नसे. म्हणून मी ताईंच्या बाजूने. उणीव निम्मी तरी आजूबाजूच्यांची असते.

प्रतिसाद १
दादा, तुमच्या बहिणीची खुणांची भाषा ही पहिली भाषा. बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांची भाषा मराठी आहे आणि तीच हातातून निसटतेय. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका.

धागाकर्ती
हे पटलं. मी यंत्र लावून बोलतेय, हे आधीच ठळक लिहायला हवं होतं. तपासणी पुढे ढकला, असं कुणी यातून घेऊ नये. पण समोर बसून बोलण्याचं मी सोडणार नाही, कारण तो फायदा काकांनाही मिळू शकतो. कपाटातलं यंत्र ऑडिओलॉजिस्टकडून पुन्हा जुळवून घ्या आणि सुरुवातीला शांत खोलीत दिवसातून तासभरच लावा. तुम्ही बाहेरगावी असाल तर साध्या फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा. खिडकीकडे पाठ करून बसू नका, उजेड तुमच्या तोंडावर पडू दे. 'साठ' नाही कळलं तर तेच तेच मोठ्याने म्हणू नका, 'सहावर शून्य' म्हणा.

प्रतिसाद १
रविवारी करतो. ते आठला चहा घेतात.