'खुशखती'ला मराठीत काय लिहू?

गोदाकाठ: आजोबांचं निजामकाळातलं शाळेचं उर्दू गुणपत्रक मराठीत करून द्यायचंय. विषयांत 'खुशखती' आहे. मी 'सुलेखन' लिहिलं, काकांनी खोडून 'शुद्धलेखन' केलं. पण शुद्धलेखन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. अक्षराचं वळण नव्हे. काय लिहू?

दुधना: काका चुकले. पण 'सुलेखन' तरी कशाला? आमची आजी मानवतची. "खुशखत लिव्ह, कावळ्याचे पाय नको," म्हणायची. शब्द आहे तसाच ठेवा.

मांजरा: मराठी कागदात फारसी कशाला? कित्ता गिरवणं हे आपलं आहे की.

दुधना: 'कित्ता' अरबी 'कितआ'वरून आलाय, दौतही अरबी. शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळी. तरी लाल शाई म्हणतोच ना आपण? हे सगळं काढलं तर लिहायचं कशानं?

मांजरा: बोरूनं! तो ओढ्याकाठचा, आपला.

बालाघाट: खुशखतातला 'खत' अरबी 'खत्त': रेघ, लिखाण. खरेदीखत, गहाणखत यांतही तोच. शेतातल्या खताशी नातं नाही. मी जुनी दप्तरं वाचतो. 2023ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना आमच्याकडं उसंत नाही. फारसी-उर्दू कागदांत घाईचं वळण असतं, त्याला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. 'मोडी' हे नाव त्यावरूनच पडलं, असं माझं ठाम मत.

मांजरा: मुळीच नाही. देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतानं मोडी आणली अशी परंपरा आहे, म्हणजे 13वं शतक. शिकस्ता इराणात 17व्या शतकात रुळली. बापाआधी लेकरू कसं?

बालाघाट: लिपी जुनी, नाव नंतरचं असेल. लिहिणं तर बघा: मोडीत आधी पानभर रेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता खाली अक्षरं. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. शिकस्त्यातही नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गाळायचे, एरवी सुटी राहणारी अक्षरं जोडायची. कारकुनाची घाई दोन्हीकडं तीच.

दुधना: आमच्याकडं 'मोडणे'चा अर्थ वळवणे असाही सांगायचे. बाळबोध, म्हणजे देवनागरी, वळवून केलेली ती मोडी.

मांजरा: हे पटतं. शिकस्ता नाही पटत.

गोदाकाठ: माझं गुणपत्रक सोमवारी द्यायचंय. आणि ते छापील आहे, नाव तेवढं शाईनं.

बालाघाट: जुनं उर्दू छापील म्हणजे बहुधा शिळाछाप, दगडावरून छापलेलं; तेही आधी कातिबानं, म्हणजे लेखनिकानं, हातानंच लिहिलेलं. फोटो टाका, 'खुशखती'तला 'खे' कसा वळवलाय ते बघू.