पोप एक, मिस्सा एक, तरी चर्चं दोन: १८३८ ते १८८६ ची 'गोव्याची फूट' नेमकी कोणी पाडली?

खाडीकाठ

दादरला 'पोर्तुगीज चर्च' एवढं म्हटलं की टॅक्सीवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही. त्याचं खरं नाव साल्व्हासांव. १७९४ साली मुंबई बेटावरच्या चार चर्चची वाटणी झाली. साल्व्हासांव आणि माझगावचं ग्लोरिया गोव्याच्या आर्चबिशपांकडे गेलं, माहीमचं सेंट मायकेल आणि भुलेश्वरचं एस्पेरान्सा रोमने थेट नेमलेल्या बिशपकडे, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिककडे गेलं. ही वाटणी करून दिली ईस्ट इंडिया कंपनीने. कंपनी प्रॉटेस्टंटांची, आणि कॅथलिकांनी कोणत्या बिशपचं ऐकायचं हे तिने ठरवलं. मला हा प्रसंग वाचल्यापासून स्वस्थता नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपने पोर्तुगालच्या राजाला 'पाद्रोआद' हा हक्क दिला. राजाने पूर्वेकडे चर्च बांधायची, पाद्र्यांना पोसायचं, आणि बदल्यात बिशप कोण हवा ते राजाने सुचवायचं. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, पण हक्क सोडवेना. १६२२ मध्ये रोमने 'प्रोपगंडा फिदे' हे स्वतःचं धर्मप्रसार खातं काढलं आणि आपले बिशप थेट पाठवायला सुरुवात केली. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं आणि प्रोपगंडाचे कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. कारण धार्मिक नव्हतं. या पाद्र्यांची निष्ठा पोर्तुगालच्या राजाशी असल्याचा इंग्रजांना संशय होता.

खरा भडका उडाला १८३४ नंतर. पोर्तुगालमधल्या यादवी युद्धात उदारमतवादी जिंकले, त्यांनी मठ बंद केले, धर्मसंघ हाकलले, रोमशी संबंध तुटले. पण पाद्रोआदचा हक्क मात्र त्यांना हवाच होता! १८३७ मध्ये सरकारने आपल्या मर्जीचा नियुक्त आर्चबिशप गोव्याला पाठवला, पोपची मान्यता नसताना. १८३८ च्या एप्रिलमध्ये पोप सोळाव्या ग्रेगरींनी 'मुल्ता प्रेक्लारे' हे फर्मान काढून कोची, क्रांगानोर आणि मैलापूर इथला पाद्रोआदचा अधिकार काढून घेतला. गोव्याने ते मानलं नाही. राजाची संमती नाही, म्हणून फर्मान लागू नाही, हा युक्तिवाद. त्यानंतर जवळपास अर्धं शतक एक बाजू दुसरीला 'फुटीर' म्हणत राहिली.

श्रद्धेत फरक शून्य. तोच मतांगीकार, तेच सात संस्कार, तीच लॅटिन. माझं ठाम मत असं की ही धर्मातली फूट नव्हतीच. लिस्बन, रोम आणि लंडन या तीन दरबारांचं हद्दीचं भांडण गरीब कोळी-कुणब्यांच्या देवघरात आणून टाकलं गेलं. तुम्हाला काय वाटतं?

तिसवाडीकर

लेख कळकळीने लिहिलाय, पण मी असहमत आहे, आणि बराच.

तुमच्या मांडणीत आमचे गोव्याचे पाद्री कुठेच नाहीत. सगळं लिस्बन ठरवतं, रोम ठरवतं, कंपनी ठरवते. मग मुंबईत, साष्टीत, वसईत चर्च चालवत कोण होतं? १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज संघांचे गोरे पाद्री निघून गेले. मागे राहिले ते गोव्याचे देशी पाद्री. मराठ्यांच्या राज्यात, नंतर इंग्रजांच्या राज्यात, त्यांनीच बाप्तिस्मे केले, मर्तिकं केली, गावोगाव चालत जाऊन कुमसार (पापांची कबुली) ऐकले. पोर्तुगालचा राजा त्यांना बघायलाही आला नव्हता.

आणि शंभर वर्षांनी इटलीहून, आयर्लंडहून, स्वित्झर्लंडहून कोणीतरी येऊन म्हणणार की तुमचा अधिकार संपला, चाव्या द्या? त्यांनी नकार दिला तो राजासाठी नाही. राजाचा हक्क ही त्यांच्या हातातली एकमेव ढाल होती. पाद्रोआदमध्ये देशी माणूस चर्चचा मुख्य पाद्री होऊ शकत होता. प्रोपगंडाचे व्हिकर अपोस्टोलिक मुंबईत कोण होते ते एकदा बघा, एकूण एक युरोपीय.

राज्यकर्त्यांनी कागद काढले हे खरं. पण कागदाने अर्धं शतक फूट टिकत नाही. ती टिकली कारण खालच्या माणसांना ती हवी होती.

पाखाडी

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातली, इथल्या एका गावठाणात वाढलेली. तिसवाडीकर, तुमच्या पाद्र्यांचा मान ठेवून एक गोष्ट सांगते.

माझ्या आजीचा जन्म १९१९ चा. म्हणजे १८८६ चा करार होऊनही तेहतीस वर्षं झाली होती, फूट कागदावर मिटलेली होती. तरी तिच्या लहानपणी आमच्या गल्लीत 'गोव्याची पार्टी' आणि 'बिशपची पार्टी' हे शब्द चालायचे. दोन बिशपांचा अंमल एकाच रस्त्यावर. आजीच्या मावशीचं लग्न पलीकडच्या चर्चच्या घरात ठरलं तेव्हा पुकारे (लग्नाची चर्चमधली जाहीर घोषणा) कुठे वाचायचे आणि लग्न कोणत्या पाद्र्याने लावायचं यावरून दोन घरं आठ महिने बोलत नव्हती. घरं दोनशे पावलांवर! मावशीने त्या दिवसांत रोज संध्याकाळी क्रुसासमोर उभं राहून एकच मागणं मागितलं, की दोन्ही पाद्री आजारी पडू नयेत पण त्यांनी एकमेकांशी बोलावं. हे आजी आम्हाला डोळ्यांत पाणी आणून सांगायची.

तुम्ही म्हणता खालच्या माणसांना फूट हवी होती. आमच्या मावशीला नको होती.

दप्तरखाना

दोन्ही बाजूंनी एक तांत्रिक मुद्दा सुटतोय आणि तोच सगळ्यात जड आहे.

कॅथलिक नियमात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायला पाद्र्याची दीक्षा पुरते. पण कुमसार ऐकून पापमोचन द्यायला दीक्षेबरोबर अधिकारही लागतो, तो त्या प्रदेशाच्या वैध बिशपकडून येतो. म्हणजे बिशप वैध नसेल तर त्याच्या पाद्र्याने दिलेलं पापमोचन पोकळ. लग्नाच्या वैधतेलाही असाच प्रश्न लागतो. प्रोपगंडाच्या बिशपांनी नेमकं हेच लोकांना सांगितलं. आता एखाद्या म्हाताऱ्या कोळणीच्या जागी स्वतःला ठेवा. ज्या पाद्र्याने तिचं लग्न लावलं, ज्याच्याकडे तिने चाळीस वर्षं कुमसार केला, तो सगळा व्यवहार देवाच्या दरबारी लागू आहे की नाही, हे तिला मरताना कोण सांगणार? अधिकाराचं भांडण आणि श्रद्धेचं भांडण असे दोन कप्पे खाडीकाठ यांनी केलेत, ते मला मान्य नाहीत. या धर्मात अधिकार हा श्रद्धेचाच भाग आहे.

दुसरं, रोमची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. पोर्तुगाल हक्क सांगत होतं, पण कर्तव्य करत नव्हतं. दक्षिणेतली बिशपपदं वर्षानुवर्षं रिकामी पडायची. राजा नाव सुचवत नाही आणि दुसऱ्याला सुचवू देत नाही. पोपने काय करायचं होतं?

खाडीकाठ

दप्तरखाना, कुमसाराचा मुद्दा तुम्ही फार चांगला मांडलात. मी शब्द मागे घेतो: श्रद्धेत फरक 'शून्य' नव्हता. पण माझ्या दृष्टीने त्याने माझं म्हणणं आणखी काळं होतं. राजाच्या सहीवर कोळणीचं पापमोचन टांगलं गेलं, याहून मोठा अधर्म कोणता?

आणि पोप 'काय करणार होते' याबद्दल: पोप स्वतःही त्या वेळी राजेच होते. मध्य इटलीतलं त्यांचं राज्य १८७० पर्यंत होतं, सैन्य होतं, कर होते. आपल्याच राज्यात उदारमतवाद्यांचे उठाव ऑस्ट्रियाच्या फौजा बोलावून मोडणारे ग्रेगरी लिस्बनच्या उदारमतवादी सरकारशी नुसत्या धर्मगुरूच्या मनाने बोलत होते, हे मला पटत नाही.

तिसवाडीकर, १८४४ मध्ये आलेले आर्चबिशप सिल्व्हा तोरिस आठवा. हे पोपच्या मान्यतेने आले होते, समेटाची आशा होती. त्यांनी येताच जुना सगळा अधिकार आपलाच म्हणून सांगितला आणि मोठ्या संख्येने नवे पाद्री दीक्षित करून त्या वादग्रस्त गावांत पाठवले. यात खालच्या माणसाची इच्छा कुठे दिसते? मला तरी वरून केलेली भरती दिसते.

तिसवाडीकर

भरती म्हणा. पण त्या गावांनी त्यांना आत घेतलं, हे विसरू नका.

१८५३ चं माहीम घ्या. बिशप हार्टमन प्रोपगंडाच्या बाजूचे, कापुचिन संघाचे स्विस पाद्री. ('एक्झामिनर' साप्ताहिक १८५० मध्ये त्यांनीच सुरू केलं, ते आजही निघतं. माणूस कर्तबगार होता.) सेंट मायकेलच्या लोकांनी ठरवलं की चर्च गोव्याच्या बाजूला द्यायचं. हार्टमननी स्वतःला आपल्या माणसांसकट चर्चमध्ये कोंडून घेतलं. बाहेर त्याच चर्चच्या लोकांनी वेढा घातला. बिशपने आपल्याच कळपाविरुद्ध दार लावून घ्यायचं! शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च गोव्याच्या बाजूकडे गेलं. त्या वेढ्यात पोर्तुगालचा एक शिपाई नव्हता. माहीमचे कोळी, भंडारी, कारागीर होते. त्यांना तुम्ही राजाची प्यादी म्हणणार?

पाखाडीताई, तुमच्या मावशीबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण वेढा घालणाऱ्यांतही कोणाची तरी मावशी असेल.

पाखाडी

असेल. आणि त्या मावशीला मी प्यादं म्हणणार नाही. पण दादा, चर्च कोणाचं हे सांगायला शेवटी इंग्रज मॅजिस्ट्रेट लागलाच ना? खाडीकाठ १७९४ बद्दल जे म्हणाले तेच साठ वर्षांनी पुन्हा.

अजून एक. १८८६ नंतर मुंबईत मिशनच्या पाठिंब्याच्या आणि नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोवेकर आणि आम्ही वेगळे झालो. १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आमच्या माणसांनी ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. 'आम्ही कंपनीचे जुने रयत, गोवेकरांहून निराळे' हे नावातच सांगितलं. एकाच देवाचे, शेजारी राहणारे लोक सरकारच्या नावाने स्वतःला ओळखायला लागले. ही जखम मला चर्चच्या चाव्यांपेक्षा मोठी वाटते.

दप्तरखाना

मिटवलं कोणी तेही बघा, म्हणजे मूळ प्रश्नाला थोडं उत्तर मिळेल. १८८६ चा करार पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगालचा राजा यांच्यात झाला. गोव्याच्या आर्चबिशपांना 'पूर्वेचे पॅट्रिआर्क' हा किताब, दमणला नवं बिशपपद, बाकी भारतात रोमची नवी रचना. मुंबईतला दुहेरी अंमल त्यानंतरही राहिला, तो संपला १९२८ मध्ये. आणि तेव्हाची अट वाचा: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश! तेव्हा निदान मिटवणारे तरी राज्यकर्तेच, हे मान्य करावं लागतं.

तिसवाडीकर

मिटवलं म्हणता, मग फादर आल्वारिस यांचं काय? आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस, आमच्या गोव्याचे. वर राजा आणि पोप यांनी हात मिळवले आणि खालच्या पाद्रोआदवाल्यांना न विचारता गावं रोमला देऊन टाकली. आल्वारिस यांनी ते मानलं नाही. १८८९ मध्ये ते कोट्टायमला गेले, सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चकडून मार ज्युलियस या नावाने बिशप झाले, आणि आता राजाही नको, पोपही नको असं झालं. त्यांच्यावर बहिष्कार पडला. १९२३ मध्ये रायबंदरला वारले. तोवर ते गरिबांना जेवण देत होते, रोग्यांची शुश्रूषा करत होते. अंत्ययात्रेला मोठा जमाव लोटला.

राज्यकर्त्यांची फूट १८८६ ला संपली, खाडीकाठ. आल्वारिस त्यानंतर फुटले. म्हणून मी म्हणतो की ती त्यांची एकट्यांची कधीच नव्हती.

खाडीकाठ

आल्वारिस यांच्याबद्दल मी लिहायला हवं होतं, ती माझी चूक. माझ्या मांडणीत ते बसत नाहीत हेही कबूल करतो.

पण १९२८ ची ती आळीपाळीची अट माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याप्रमाणे आधी पोर्तुगीज लिमा आले, मग ब्रिटिश रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी भारतीय माणसासाठी जागा रिकामी केली. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. घराणं गोव्याचं. तिसवाडीकर, तुमच्या १८५३ च्या माहीमकरांना आपला माणूस हवा होता, तो सत्त्याण्णव वर्षांनी मिळाला. मधल्या काळात दोन दरबारांनी वाट अडवली होती, एवढं तरी माझ्या बाजूला लिहा.