रॅलीतून निवृत्त झालेली जिप्सी किंग रस्त्यावर आणायची आहे. काय काढावं, काय ठेवावं?

घाटवळण

नमस्कार मंडळी. २००६ची एक मारुती जिप्सी किंग बघतोय. सॉफ्ट टॉप, १.३ लिटर १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय, कर्नाटक पासिंग. काही वर्षं क्रॉस कंट्री रॅलीत पळाली, मग शेडमध्ये उभी. नोंदणीची १५ वर्षं २०२१मध्ये संपली, नूतनीकरण झालेलं नाही.

सध्याची अवस्था: सहा पायांचा वेल्ड केलेला रोल केज (आतला संरक्षक नळ्यांचा पिंजरा), दोन बकेट सीट, सिक्स पॉइंट बेल्ट, मागची सीट गायब. प्रत्येक चाकाला दोन शॉकअप, जादा पाटे, फोम भरलेली रेसिंग टाकी, हायड्रॉलिक हँडब्रेक, सरळ पाइपचा सायलेन्सर. मागे एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) आहे असं विकणारा सांगतो. इंजिन सुरू होतं, पण आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वर-खाली होतं.

पुण्यात आठवड्यातून दोन-तीनदा शहरात आणि अधूनमधून ताम्हिणी, वरंधा एवढाच वापर. प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची आहे. कामाचा क्रम कसा लावावा? केज काढावा का?

कागद_आधी

पान्याच्या आधी आरसी हातात घ्या. व्यवहार इथेच ठरतो किंवा मोडतो.

नोंदणी संपलेल्या गाडीची एनओसी मागायला गेलात की बहुतेक ठिकाणी आधी नूतनीकरण करा म्हणून परत पाठवतात. त्यामुळे फॉर्म २५चं नूतनीकरण विकणाऱ्याच्या नावावर, कर्नाटकच्या मूळ आरटीओत आणि त्याच्याच खर्चाने व्हावं अशी अट घाला. मोटारीचं नूतनीकरण शुल्क १५ वर्षांनंतर ५००० रुपये आहे, २० वर्षांच्या पुढे १०,०००. शिवाय उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये. उशिराचा हा दर एप्रिल २०२२पासून लागू आहे, तेव्हापासूनचे महिने मोजून ती रक्कम भावातून वळती करा. त्यानंतर फॉर्म २८ची एनओसी, २९ आणि ३० हस्तांतरणासाठी, २७ महाराष्ट्रातल्या नव्या नंबरासाठी. इथला रोड टॅक्स आणि पर्यावरण कर वेगळा. एवढी जुनी परराज्यातली गाडी तुमचं आरटीओ घेईल का, हे टोकन द्यायच्या आधी खिडकीवर जाऊन विचारा.

दुसरं म्हणजे बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी नको. तपासणीला नेताना आरसीवरची आसनसंख्या, रंग, इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळले पाहिजेत. मागची सीट हवीच. स्टिकर खरवडल्यावर खाली भलताच रंग निघाला तर तोही प्रश्न होतो.

चासी नंबर फ्रेमवर पंच केलेला असतो. रॅलीत फ्रेमला पट्ट्या मारताना तो भाग झाकला गेलेला किंवा ग्राइंडरने घासलेला सापडतो. तो पट्ट्याखाली असेल तर गाडी सोडून द्या. आणि पुढे सँडब्लास्टिंग कराल तेव्हा त्या जागेवर जाड टेप आणि रबर लावायला सांगा. ब्लास्टिंगने आकडे उथळ होतात, मग पेन्सिलचा ठसा उमटत नाही.

बारातेराचा_पाना

कागदांचं वर आलंच आहे, मी लोखंडाचं सांगतो.

इंजिनाच्या मोहात पडू नका. जिप्सीचं इंजिन कुठेही मिळतं, सरळ फ्रेम मिळत नाही. सगळ्यात आधी फ्रेमची मापं घ्या. सपाट कोब्यावर गाडी चार स्टँडवर ठेवा, फ्रेमवरच्या समान जागांवरून, म्हणजे शॅकलचे हँगर, पाट्यांचे पुढचे डोळे, क्रॉसमेंबरची भोकं, ओळंबा सोडा आणि खाली खडूने खुणा करा. मग कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. १० निघाला तर फ्रेम बेंचवर गेलीच पाहिजे, नाहीतर कितीही अलाइनमेंट करा, स्टिअरिंग एका बाजूला ओढणारच.

मग तडे. जिप्सी उड्या मारते तेव्हा मार बसतो तो स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटभोवती, पुढच्या शॉकअपच्या ब्रॅकेटच्या बुडाशी, मागच्या शॅकल हँगरला आणि गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरच्या टोकांना. तुमच्या गाडीत चाकाला दोन शॉकअप आहेत. म्हणजे दुसऱ्या शॉकअपचं ब्रॅकेट नंतर वेल्ड केलेलं असणार. पहिला संशय तिथे. वायरब्रशने पांढरं लोखंड काढा, पुसा, लाल डाय पेनेट्रंट मारून १०-१५ मिनिटं थांबा, पुसून डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांनी ग्रीसखालचा तडा दिसत नाही.

दुरुस्तीची पद्धत: तड्याच्या टोकाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, तड्यावर व्ही घळ काढायची, मिगने भरायचं, मग वर पट्टी. पट्टीची टोकं तिरकी किंवा शंकरपाळ्यासारखी ठेवा. फ्रेमच्या रेलला काटकोनात उभा वेल्ड घेतला तर सहा महिन्यांत त्या वेल्डलगतच नवा तडा येतो, कारण कडक आणि लवचिक भागाची सीमा एका रेषेत येते. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्लग काढा, टाकी बाहेर काढा. "थोडंसंच आहे, तसंच मारतो" म्हणणाऱ्या वेल्डरला चहा पाजून परत पाठवा.

केज काढा. फियाच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमाप्रमाणे केलेला असेल तर मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची, २.५ मिलिमीटर जाडीची सीमलेस ट्यूब असते. रॅलीत डोक्यावर हेल्मेट असतं आणि बेल्ट माणसाला सीटला बांधून ठेवतो. रस्त्यावर हेल्मेट नाही, थ्री पॉइंट बेल्टमध्ये डोकं बरंच पुढे आणि बाजूला जातं आणि ट्यूब कानापासून वीतभर लांब. साध्या टकरीत माणूस जायचा तो या नळीमुळे.

कापताना पायाच्या पट्टीपासून १५ मिलिमीटर वर कटिंग डिस्कने कापा, उरलेलं फ्लॅप डिस्कने उतरवा. काचा आणि डॅशबोर्डवर ओलं गोणपाट टाका, ठिणग्या काचेत रुतून बसतात. पायाखालच्या ३ मिलिमीटरच्या पट्ट्या मात्र उपटू नका. त्यांच्याबरोबर मूळ पत्रा फाटून येतो. कडा सीलंटने भरा, प्रायमर मारा, वर मॅट. केज गेल्यावर दारं बसेनाशी होतील, तेव्हा घाबरू नका. बॉडी माउंटची रबरं बसलेली असतात, नवीन टाकून शिम लावल्या की दारं जागेवर येतात.

सॉफ्टटॉप

केजबद्दल थोडा मतभेद. कापडी टपाची जिप्सी पालथी झाली तर वर फक्त काचेची चौकट आणि हूडच्या सळ्या. त्यांचा आधार शून्य. पुढचे पाय, दारातले आडवे पाइप आणि डोक्याजवळचं सगळं काढा, पण ड्रायव्हरच्या मागची एक कमान आणि तिचे दोन तिरके आधार ठेवायला काय हरकत? डोक्यापासून लांब असतात. फियाच्या ८८५७-२००१ मानकाचं कडक फोमचं पॅडिंग मिळतं, ते लावायचं. पाइपलाइनवर गुंडाळतात तो काळा मऊ फोम डोकं वाचवत नाही.

बारातेराचा_पाना

सॉफ्टटॉप, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे. पण त्या कमानीचे तिरके आधार मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या डोक्यांमधून जातात, आणि मागची सीट पासिंगला लागते. दोनच माणसं बसणार असतील तर बोल्टने बसणारी कमान करता येईल: प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट, पत्र्याखाली १२० चौरस सेंटिमीटरची ३ मिलिमीटर पट्टी. कायद्याच्या नजरेत तोही बदलच, विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय लावू नका.

हाय_लो_रेंज

रॅलीची गाडी रोज संध्याकाळी चार मेकॅनिक उघडून बघणार, असं धरून बनवलेली असते. रस्त्यावरच्या गाडीचं बॉनेट तीन महिने कोणी उघडत नाही. कोणता पार्ट ठेवायचा हे या एका कसोटीवर ठरवा.

*मागचं डिफ.* मागची दोन्ही चाकं उचला, न्यूट्रलला टाका, पुढच्या चाकांना ओट लावा, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफ. त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी किंवा वेल्ड केलेलं. मग नुसतं कव्हर उघडू नका, डिफचा पूर्ण गोळा (थर्ड मेंबर) बाहेर काढून बघा. आतले छोटे स्पायडर गिअर वेल्ड केलेले असतील तर लगेच बदला. डांबरावर वळताना आतलं चाक घसटत राहतं, टायर खातं आणि शेवटी एक्सल शाफ्ट तुटतो. प्लेटवाली एलएसडी असेल तर ठेवू शकता, पण तिला एलएसडीचंच जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं.

*तेलं.* गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला जीएल-४ ७५डब्ल्यू-९०, दोन्ही एक्सलच्या हौसिंगला जीएल-५. सगळीकडे जीएल-५ ओतू नका, गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. काढलेलं तेल दुधाळ असेल तर नदीचं पाणी आत गेलेलं आहे, बेअरिंग बघितल्याशिवाय नवं भरू नका. एक्सलचे ब्रीदर पाइप वर बॉनेटपर्यंत नेलेले असतील तर ते जसेच्या तसे ठेवा. रॅलीवाल्यांनी केलेला हा एकच बदल कंपनीने स्वतः करायला हवा होता.

*पुढचा एक्सल.* ५०-६०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर लोक आधी डँपर लावतात. आधी किंगपिन बेअरिंग (ज्यांच्यावर चाक वळतं ती) बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर चारही बेअरिंग बदला, शिम लावून प्रीलोड आणा. टायरॉड सुटा करून, ऑइल सील न लावता, नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) टोकाला स्प्रिंगकाटा अडकवून ओढलं की १ ते १.८ किलोवर नकल हलायला सुरुवात झाली पाहिजे. हबला फ्रीव्हील (पुढचं चाक एक्सलपासून सोडवणारं) काढून सॉलिड फ्लँज बसवले असतील तर चालतील, पण ४एच (चारही चाकांना ताकद) डांबरावर टाकू नका. या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस पिळून निघते.

*पाटे.* दोन शॉकअपमधला एक काढा, जादा पाटा काढा, नायलॉनचे बूश काढून रबराचे घाला. मोकळ्या गाडीत कडक पाट्यांवर मागचा एक्सल ओल्या वळणावर उडी मारतो आणि गाडी बाहेर फेकतो. वरंध्याला हे नको. बूशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, अधांतरी आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. यू क्लॅम्प ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

*ब्रेक.* हायड्रॉलिक हँडब्रेक मागच्या लाइनमध्ये मध्येच जोडलेला असतो. त्याचं सील फुटलं की मागचे ब्रेक गेले. तो पूर्ण काढा, मूळ नळी टाका, केबलचा हँडब्रेक बसवा. रेसिंग पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, सकाळच्या पहिल्या सिग्नलला कळेल. साधे पॅड, डॉट ४ तेल, लिटरभर ओतून पूर्ण लाइन धुवा.

*टाकी.* फियाच्या एफटी३ दर्जाच्या इंधन बॅगेची मुदत ५ वर्षं असते, वाढवून ७. तुमची ती केव्हाच ओलांडून गेली असणार. आतला फोम कुस्करतो आणि पंप चोक होतो. मूळ ४० लिटरची पत्र्याची टाकी शोधा.

घाटवळण

भरभरून माहिती, आभार. दोन प्रश्न राहिले. आयडल वर-खाली होण्याचं काय? आणि बघायला जाईन तेव्हा अर्ध्या तासात काय तपासू?

हाय_लो_रेंज

आयडलआधी थर्मोस्टॅट बघा. गाडी तापते म्हणून रॅलीत तो काढून फेकतात आणि पंखा डॅशबोर्डवरच्या स्विचवर घेतात. मग शहरात इंजिन पुरेसं गरम होतच नाही, ईसीयूला वाटतं अजून थंडच आहे, पेट्रोल जास्त सोडत राहतो. पीयूसीला तुमच्या गाडीची मर्यादा ०.५ टक्के सीओ आणि ७५० पीपीएम एचसी आहे, ती अशाने ओलांडली जाते. मूळ थर्मोस्टॅट आणि आपोआप चालणारा पंखा आधी बसवा, इनटेकच्या व्हॅक्यूम नळ्या बदला, थ्रॉटल बॉडी धुवा. एवढ्यानेही डुलत असेल तर कॅमशाफ्ट रेसिंगचा आहे. तो बदलल्याशिवाय आयडल बसणार नाही. सरळ पाइप काढून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्याजवळचा ऑक्सिजन सेन्सर परत आणा. सिरॅमिक पॅडलचा क्लच असेल तर तोही साधा टाका, सिग्नलला गाडी धक्के देत सुटते.

आताचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. २००६च्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि चिरतात. टाकीपासून इंजेक्टर रेलपर्यंत जे३०आर९ दर्जाची नळी घाला. टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नाही, तर नवा टाकायचाच.

बारातेराचा_पाना

अर्ध्या तासाचा क्रम असा. पहिली पाच मिनिटं चासी नंबर आणि आरसी. मग गाडीखाली टॉर्च घेऊन सगळी ताजी ब्लॅक पेंट कुठे आहे ते बघा. सगळी फ्रेम धुळकट आणि एकच कोपरा चकाचक असेल तर तिथेच खरवडा. कॉम्प्रेशन गेज सोबत न्या: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलिंडरमधला फरक चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या आत हवा. चौघांचं रीडिंग २२० पीएसआयच्या वर आलं तर हेड शेव (घासून पातळ) केलेलं आहे, साध्या पेट्रोलवर चढाला इंजिन टकटक करेल.

शेवटी विकणाऱ्याला मूळ पार्ट मागा. वायपरची मोटार, वॉशरची टाकी, हीटर, मागची सीट, थ्री पॉइंट बेल्ट, केबलचा हँडब्रेक, मूळ ईसीयू. वजन कमी करायला काढलेले हे पार्ट बऱ्याचदा त्याच शेडच्या माळ्यावर पोत्यात पडलेले असतात. पोतं मिळालं तर पाच-दहा हजार जास्त गेले तरी द्या, कारण हेच सगळं सुटं शोधायला नाना पेठ आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो आणि मूळ ईसीयू तरीही हाती लागेलच असं नाही.

कागद_आधी

विम्याचं राहिलं. खासगी मोटारीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. पुढे हौस म्हणून एखाद्या टीएसडी (वेळ-वेग-अंतराच्या) रॅलीत उतरवणार असाल तर त्या दिवसापुरतं वेगळं कव्हर आयोजकांकडे आहे का ते आधी विचारा. आणि विमा तपासणीच्या फोटोंआधी बकेट सीट, जुने रॅली टायर आणि दारावरचे नंबर काढून टाका. टायर २०५/७० आर१५, आयएसआय खुणेचे, आणि स्टेपनीही त्याच मापाची.