कॅटमध्ये टक्कर होत नाही

‘आपल्या इंदूरच्या कॅटमध्येही हिग्ज कण शोधतात का?’ असं एकाने विचारलंय. नाही हो. हिग्ज हा मूलकण शोधायला कणांची प्रचंड वेगात टक्कर घडवावी लागते. कॅट म्हणजे सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी; राजेंद्रनगरजवळच्या त्या संशोधन केंद्राला आता अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला कॅटच सांगावं लागतं. तिथल्या इंडस-2 या यंत्रात इलेक्ट्रॉन सुमारे 172 मीटर घेराच्या वर्तुळाकार नळीत फिरतात, टक्कर कुणाशीच नाही.

वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकाने वळवलं की तो क्ष-किरण फेकतो आणि ऊर्जा गमावतो. टक्कर घडवणाऱ्यांना हा शुद्ध तोटा. सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात आधी इलेक्ट्रॉनच फिरायचे, नंतर जड प्रोटॉन आणले, कारण ते वळताना फारच कमी ऊर्जा सांडतात. 2012 मध्ये हिग्ज सापडला तो प्रोटॉनच्या टकरींतून. इंडसला मात्र तो सांडलेला प्रकाशच हवा असतो. त्यातून पदार्थांची, प्रथिनांची रचना तपासतात.

तरी सर्नशी इंदूरचं नातं आहेच, आणि ते मला जास्त भावतं. सर्नच्या बोगद्यातली मोठी चुंबकं एकेक सुमारे 35 टनांची. ती ज्या जॅकवर बसवून मिलिमीटरच्याही अंशाने सरकवतात, ते हजारो जॅक भारतातून गेले, कॅटच्याच मंडळींच्या देखरेखीखाली. बातमीत हिग्ज येतो, जॅक कशाला येईल!