घोडी फळवण्याआधी सगळ्या लसी एकदाच उरकाव्यात का?

तांबडी_माती
गोव्यात घोडे बोटांवर मोजण्याइतके. प्रदर्शनाची मारवाडी किंवा काठेवाडी घोडी असली की ती मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाते, आणि इथे जातिवंत नर सहसा मिळत नाही म्हणून फळवायलाही (नर दाखवायलाही) घाटावरच न्यावी लागते. म्हणजे एकाच मोसमात प्रवास, गर्दी, अनोळखी घोडे आणि वर नर.

माझं म्हणणं सरळ आहे. धनुर्वात, रेबीज, इन्फ्लुएन्झा, जपानी मेंदूज्वर या सगळ्या लसी फळवण्याच्या निदान ४ आठवडे आधी संपवा आणि शिंगरू जमिनीवर येईपर्यंत घोडीला सुई लावू नका. लसीनंतर एखादीला दिवस-दोन दिवस ताप येतोच. सुरुवातीचे दोनेक महिने गर्भ टिकतो तो अंडाशयातल्या पीतपिंड या तात्पुरत्या ग्रंथीच्या प्रोजेस्टेरॉन संप्रेरकावर. अंगात दाह झाला की प्रोस्टाग्लँडिन सुटतं, त्याने पीतपिंड विरतो आणि गर्भ जातो. पुढे आपला पावसाळा: सत्तरी-पेडण्यात वीज गेली की फ्रिजमधल्या लसीचा भरवसा नाही, आणि घोड्यांची सवय असलेला डॉक्टर हाकेच्या अंतरावर नाही.

चीक_आधी
पहिल्या ६० दिवसांबद्दल कबूल. तेवढे दिवस सुई टाळलेली बरी, लसीमुळे गर्भ जातो असा ठाम पुरावा नसला तरी. उरलेल्या नऊ महिन्यांबद्दल मात्र साफ नाकबूल.

गाईम्हशींप्रमाणे घोडीची वारही आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं पोटातल्या पिलापर्यंत जाऊ देत नाही. शिंगरू कोरंच जन्मतं. त्याला मिळायचं ते चिकातून, आणि आतडं ते शोषून घेतं पहिल्या काही तासांतच. २४ तासांत दार बंद. चिकात ही प्रतिद्रव्यं उतरतात ती गाभणपणाच्या अखेरच्या काही आठवड्यांत. तुमच्या वेळापत्रकात शेवटचा डोस व्यायच्या वर्षभर आधीचा! त्यावर घोडी कदाचित तरून जाईल, पण शिंगराच्या वाट्याला पातळ ताकच येईल. व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी धनुर्वात आणि इन्फ्लुएन्झाचा बूस्टर टाळता येत नाही. ओली नाळ म्हणजे धनुर्वाताला सताड उघडं दार, आणि पाळीव जनावरांत धनुर्वाताला सगळ्यात हळवा घोडाच.

शिवाय नुसती लस देऊन भागत नाही. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत सडाला लागलं पाहिजे आणि तीन तासांत वार पडली पाहिजे. चिकाचा थेंब ब्रिक्समापकावर (दाटपणा मोजायच्या छोट्या यंत्रावर) २३ टक्क्यांच्या वर भरला तर चीक दाट समजायचा. १८ ते २४ तासांनी शिंगराच्या रक्तात आयजीजी, म्हणजे चिकातून आलेली प्रतिद्रव्यं, दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवीत. ४०० च्या खाली आली तर चीक पोचलाच नाही, मग प्लाझ्मा द्यावा लागतो. आणि व्यायच्या आधीच सड ठिबकायला लागले तर तो चीक जमिनीवर जाऊ देऊ नका. गाळून उणे २० अंशांना गोठवा आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात वितळवा. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर त्याची खरवस होईल.

तांबडी_माती
ठीक. पण शेवटच्या दीड महिन्यात जड घोडीला चार-चार सुया? तो ताण कोण धरणार हिशेबात?

खुर_आणि_खरारा
चार कशाला, दोन. रेबीज तेवढी फळवण्याआधी उरका. एवढ्यापुरता तुमचा मुद्दा सोळा आणे खरा. रेबीजची प्रतिद्रव्यं रक्तात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे फळवण्याआधी दिलेल्या डोसाचा अंश पुढच्या चिकातही उतरतो. ती आधीच उरकली की अखेरच्या महिन्यातली एक सुई वाचते.

जपानी मेंदूज्वराची वेळ डासांवर ठरवायची, व्यायच्या तारखेवर नाही. भातशेती, खाजनं (खाडीकाठची बांधाची शेतं), बगळे आणि डुकरं आपल्याकडे हातात हात घालूनच असतात आणि हा विषाणू बगळ्या-डुकरांकडून घोड्याकडे नेणाऱ्या क्युलेक्स डासाला तेवढं पुरतं. पहिल्यांदाच देत असाल तर ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, दुसरा मे संपायच्या आत. पुढे दरवर्षी पावसाआधी एक. फेब्रुवारीत फळलेली घोडी तोवर ६० दिवसांच्या पलीकडे गेलेली असते.

मांडवीकाठ
रेबीज गोव्यात हवीच कशाला? २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. उगाच खर्च.

खुर_आणि_खरारा
नियंत्रित म्हणजे नामशेष नव्हे. पत्रादेवी आणि मोले नाक्यांपलीकडची कुत्री-कोल्ही जाहीरनामा वाचून थांबत नाहीत, आणि घोडीही त्याच नाक्यांवरून ये-जा करते. पिसाळलेला घोडा आधी पोटदुखीसारखा लोळतो किंवा लंगडतो. लोक घसा अडकला समजून तोंडात हात घालतात. तो हात माणसाचा असतो. घोडेमोडणीच्या नाचात कमरेला बांधतात त्या लाकडी घोड्यांना तेवढी लस लागत नाही.

वाण_जपा
घोड्यांच्या हर्पिस-१ विषाणूचं नाव अजून कोणीच घेतलं नाही, आणि घोडी सातव्या महिन्यानंतर गाभडली (गर्भ पडला) की पहिला संशय त्याचाच. ही लस फळवण्याआधी देऊन काम भागतच नाही, कारण तिचा असर काही महिन्यांत उतरतो. ती गाभणपणात ५ व्या, ७ व्या आणि ९ व्या महिन्यात द्यायची. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने यावर निष्क्रिय लस तयार केली आहे. ती कधी मिळेल ते फळवण्याआधीच डॉक्टरांकडून पक्कं करा, पाचवा महिना उजाडल्यावर शोधाशोध नको.

तांबडी_माती
अंगणात एकटी बांधलेली घोडी. दुसरा घोडा दहा किलोमीटरवर. तिला तीन डोस? शेजारच्या म्हशीचा तर हर्पिस लागणार नाही ना?

वाण_जपा
म्हशीचा नाही, तिचा स्वतःचाच. लहानपणी लागलेला हा विषाणू घोड्याच्या अंगात दबून राहतो आणि ट्रकचा प्रवास, जागाबदल, आजारपण असं निमित्त झालं की डोकं वर काढतो. फळवायला घाटावर जाऊन आलेली घोडी ‘एकटी’ कशी?

पण लसीचीही टिमकी वाजवत नाही. गाभडण्याचा धोका ती कमी करते, शून्य करत नाही. पाय लुळे पडतात तो मज्जासंस्थेचा प्रकार रोखण्याची हमी ती देत नाही. म्हणून बाजारातून परतलेला घोडा २१ दिवस गाभण घोडीपासून लांब ठेवायचा. बादली, खरारा, दावं सगळं वेगळं, आणि मोतद्दार एकच असेल तर आधी गाभण घोडीचं आटपून मग याच्याकडे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, ३८.५ अंशांच्या वर गेला तर डॉक्टर. घोडी गाभडलीच तर गर्भ आणि वार दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून बर्फात ठेवा आणि डॉक्टर नमुने घेईपर्यंत हलवू नका. खाजनात फेकून दिलंत तर कारणही कळणार नाही आणि कुत्री ते गावभर नेतील.

चीक_आधी
हवेत बोलण्यापेक्षा तारखा मांडू. घोडी १५ फेब्रुवारीला फळली, सरासरी ३४० दिवस धरले तर २१ जानेवारीच्या सुमारास व्याईल. मागे मोजा: रेबीज, आणि धनुर्वात-इन्फ्लुएन्झाची पहिली मालिका झालीच नसेल तर तिचे ४ आठवड्यांच्या अंतराचे दोन डोस, सगळं १५ जानेवारीपर्यंत. मध्य एप्रिलपर्यंत सुई बंद. एप्रिल-मे मेंदूज्वर. हर्पिस मध्य जुलै, मध्य सप्टेंबर, मध्य नोव्हेंबर. धनुर्वात आणि इन्फ्लुएन्झाचा बूस्टर १० ते २४ डिसेंबरच्या दरम्यान.

आता दत्तजयंती, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा, कुठे येते बघा. डिसेंबरात. दहा महिन्यांची गाभण घोडी ट्रकमध्ये घालून सारंगखेड्याला नेणं हा खरा वेडेपणा, आणि तो लसीच्या वादात झाकला जातो.

लगाम_सैल
नराबद्दल सगळे गप्प. घोड्याचं वीर्य तयार व्हायला ५७ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंत आठवडाभर. त्याला फेब्रुवारीत लस टोचली आणि सणसणून ताप आला तर एप्रिलपर्यंत बीज पातळ. नराच्या लसी मोसमाच्या दोन महिने आधी.

बाजारात सर्रास ऐकू येतं, ‘सगळी लस झालीय.’ ग्लँडर्स या माणसालाही लागणाऱ्या घोड्यांच्या जीवघेण्या रोगाला लस नाही. त्याची रक्तचाचणी लागते आणि तिचा कागद घोडी उतरवण्याआधी मागायचा. चावऱ्या माश्यांतून पसरणाऱ्या सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगालाही लस नाही. गर्भाशयातल्या जंतुसंसर्गालाही नाही, ज्यापायी कितीतरी घोड्या पुन्हा पुन्हा माजावर येतात. त्यासाठी स्वॅब.

तांबडी_माती
डिसेंबरचा बूस्टर मान्य. हर्पिसचा सप्टेंबरचा डोस मात्र मला अजून पटत नाही, आणि कारण पैसा नाही. भर पावसात हिसारहून निघालेली कुपी इथे पोचेस्तोवर २ ते ८ अंशांत राहिली हे कोण सांगणार?

खुर_आणि_खरारा
कुपीच सांगते, थोडंफार. उष्णतेपेक्षा लोक गोठवून जास्त नासवतात: थंडपेटीत कुपी बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवतात. ॲल्युमिनियमच्या क्षाराची लस एकदा गोठली की फुकट. हलवून टेबलावर ठेवा. चांगली लस बराच वेळ एकसारखी दुधट दिसते, गोठून वितळलेलीत कण दिसतात, ते भराभर तळाशी बसतात आणि वर पाणी मोकळं होतं. अशी कुपी टोचू नका. पाकिटाभोवती कापड गुंडाळा, कुपी मध्ये ठेवा, शेजारी तापमापी. उन्हात राहिलेली कुपी मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही, तिथे तापमापीशिवाय इलाज नाही.

टोचायची जागा मान. वर आयाळीखालचा जाड पट्टा, खाली मणक्यांची ओळ, मागे खांद्याच्या फऱ्याची कड, या तिघांमधला त्रिकोण. पुठ्ठ्यात (मागच्या मांसल भागात) टोचू नका, तिथे गळू झालं तर पू निचरायला वाट नसते. दीड इंची सुई, आधी नुसती सुई बसवायची, पिचकारी जोडून दट्ट्या किंचित मागे ओढायचा. रक्त आलं तर जागा बदला. दोन लसी एकाच दिवशी असतील तर मानेच्या दोन बाजूंना. दुसऱ्या दिवशी मान आखडली तर घोडी खाली वाकून खात नाही आणि लोक घाबरतात. वैरण छातीच्या उंचीवर टांगा, खाते की नाही बघा.

मांडवीकाठ
आणि जुनी घोडी विकत घेतली, लसीचा कागदच नाही, तर?

चीक_आधी
कधीच दिली नाही असं धरून पहिल्यापासून दोन डोस. धनुर्वाताचा सिरम (लस नव्हे, तयार प्रतिद्रव्यं) मात्र ‘सोबत असू दे’ म्हणून टोचू नका. जखम असेल तरच, कारण त्यानंतर काही आठवड्यांनी क्वचित यकृत बसल्याची प्रकरणं घोड्यांत माहीत आहेत.