मूळ रहिवाशांच्या गावी पाहुणे म्हणून : तुमचे अनुभव लिहा

जगात कुठेही मूळ रहिवाशांच्या गावात, वस्तीवर जाऊन आला असाल तर इथे जरूर लिहा. फोटो कसे आले यापेक्षा मला हे वाचायचंय: तिथले नियम कोण ठरवत होतं, पैसे कोणाच्या हातात जात होते, आणि माणसं तुमच्याशी बोलली की नुसती तुमच्यासमोर नाचली?

सुरुवात मी करते. ऑस्ट्रेलियात उलुरू या भल्यामोठ्या खडकापाशी गेले, ते चढाई बंद झाल्यानंतर. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे अनंगू लोकांसाठी, हा खडक पवित्र. १९८५ साली जमीन त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानाला दिली. ‘चढू नका’ अशी विनंती ते वर्षानुवर्षं करत होते, लोक चढतच होते. शेवटी, अनंगूंचं बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद केली. आता पायथ्याभोवतीच्या दहा किलोमीटरच्या वाटेने फिरायचं. काही ठिकाणी फोटो काढू नका असे फलक आहेत. त्यामागचं कारणही जेवढं सांगायचं तेवढंच सांगतात, आणि ते मला फार आवडलं. जिथून लोक चढायचे तिथे दगड घासून पडलेला फिकट पट्टा अजून दिसतो.

*

अंदमान. बारातांगच्या गुहा बघायला जाताना रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही खायला द्यायचं नाही. आमचा एजंट मात्र आदल्या दिवशी खुशाल सांगत होता, “नशीब असेल तर जारवा दिसतील.” गाडीतली माणसं सबंध वाट काचेला नाक लावून बसली होती. मोजकी काही शे माणसं उरली आहेत, गोवराची साथ त्यांच्यात येऊन गेली आहे. आपण येऊ नये म्हणून दार लावायची सोयही त्यांच्याकडे नाही. माझं स्पष्ट मत आहे, हा रस्ता पर्यटकांना बंदच हवा.

*

पेरूतलं टाकिले बेट, टिटिकाका सरोवरात. बोटीतून उतरलं की चढच चढ, आणि उंची ३,८०० मीटरच्या वर, त्यामुळे दम लागतो. शेजारून एक आजोबा टोपी विणत विणत आरामात पुढे गेले! इथे सुयांवरचं विणकाम पुरुष करतात, टोपीवरून लग्न झालंय की नाही ते कळतं. २००५ साली युनेस्कोने या वस्त्रकलेची दखल घेतली. पाहुणा कोणाकडे उतरणार ते पाळीने ठरतं, आणि चौकातल्या सहकारी दुकानात भाव ठरलेला, घासाघीस नाही. पूर्वी बोटीही बेटावरच्यांच्याच होत्या. पुढे त्या धंद्यात बाहेरच्या एजन्सी शिरल्या. म्हणून जाणार असाल तर त्यांच्याच बोटीने जा आणि मुक्काम करा.

*

थायलंडमध्ये मे होंग सोनजवळ कायान बायकांचं गाव. तिकीट काढून आत जायचं, दोन्हीकडे दुकानं, गळ्यात पितळी वेटोळी घातलेल्या बायका. (मान लांब होत नाही, गळपट्टीची हाडं खाली दबतात.) ही मंडळी म्यानमारमधून जीव वाचवून आलेली. मला आधी फार अवघडलं. एक बाई कमरेला पट्टा बांधून मागावर ओढणी विणत होती. मी बाजूला बसून बघत राहिले, तर तिने पट्टा सोडून माझ्या कमरेला बांधला आणि ताण कसा धरायचा ते हात धरून शिकवलं. तेवढ्यात ग्रुपची हाक आली. २००८ मध्ये काहींना न्यूझीलंडला पुनर्वसनाची संधी असूनही थाई अधिकारी बाहेर जाऊ देत नव्हते, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने पर्यटकांना जाऊ नका म्हटलं होतं. पण आपण गेलोच नाही तर तिची ओढणी कोण घेणार? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

*

उत्तर फिनलंड, इनारी. सामी लोकांचं सीदा संग्रहालय आधी बघा, मग रेनडियरवाल्यांकडे जा. आणि कळपात किती जनावरं आहेत ते विचारू नका. बँकेत शिल्लक किती, असं विचारल्यासारखं होतं. ऋतूंबद्दल विचारा, पोटभर बोलतात.