आजोबांचं पळी-पंचपात्र माझ्याकडं आलंय, त्रिकाळ संध्या सुरू करायचीय पण अडतंय

गोदाकाठ_९४

नमस्कार मंडळी. मी मूळचा गंगाखेडजवळच्या खेड्यातला, सध्या संभाजीनगरला, वाळूजमधी कंपनीत आहे. दिवाळीनंतर आमचे आजोबा गेले. दिवस झाल्यावर आजीनं मला देवघरात बोलावलं आन त्यांचं ताम्हण, पंचपात्र, पळी हातात दिली, म्हणली तूच त्यांच्याजवळ बसायचास तर तूच ने.

आजोबांची संध्या, म्हणजे मुंज झाल्यावर रोज करायची सूर्याची-गायत्रीची उपासना, चुकलेली मी कधी पाहिली नाही. पहाटे अंधारात आंघोळ करून, मग दुपारी जेवणाआधी, आन तिन्हीसांजेला ओट्यावर मावळतीकडं तोंड करून. पाहुणे येवोत नाहीतर पेरणीची घाई असो. ते ताम्हण आता माझ्या रूमवर आहे, त्याच्या मधोमध पाणी पडून पडून तांब्याचा रंगच वेगळा झालाय आन पळीची एक कड झिजून पातळ झालीय. मला ते तसंच कपाटात ठेवू वाटंना.

आता अडचण अशी की मुंजीत शिकवलेलं वर्षभरातच सुटलं, आचमन आन गायत्री सोडून काही येत नाही. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले तर तिन्हीत मंत्र वेगळे, कोणता धरायचा कळंना गेलंय. दुसरं म्हणजे शिफ्ट. फर्स्टला सहाची बस असते म्हणजे थंडीत सूर्य उगवायच्या आधीच मी रूमबाहेर, दुपारी कंपनीत, नाईट असली की सगळंच उलटं. आमच्या एका नातेवाइकांनी तर सांगितलं की तिन्ही वेळ जमणार नसंल तर पाणी हातातच घेऊ नको, दोष लागतो. ते फार मनाला लागलंय. जाणकारांनी सांगा.

परळीकर_काका

बाळा, आधी तुझं अभिनंदन. आता व्हिडिओ बंद कर. मंत्र वेगळे दिसायलेत कारण वेदांच्या प्रत्येक शाखेची संध्या वेगळी असते, त्यात चूक कोणाचीच नाही. आपल्या मराठवाड्यात ऋग्वेदीही भरपूर आन यजुर्वेदी माध्यंदिनही भरपूर, एकाच गल्लीत दोन्ही घरं सापडतात. तुझ्या घरची शाखा कोणती हे आधी शोधून काढ.

शोधायला सोपं आहे. संध्येत शेवटाकडं अभिवादन असतं, दोन्ही कानांना हात लावून आपलं प्रवर (गोत्राचे मूळ ऋषी), गोत्र, सूत्र, शाखा आन नाव सांगून वाकायचं. ते बहुतेकजण मोठ्यानं म्हणतात. त्यात "आश्वलायन" आन "शाकल" ऐकलेलं आठवतंय का? तर ऋग्वेदी. "कात्यायन", "माध्यंदिन" असं असंल तर शुक्ल यजुर्वेदी. आणखी एक खूण, आजोबा श्रावणीला जानवं कधी बदलायचे? ऋग्वेदी श्रवण नक्षत्र धरतात, यजुर्वेदी पौर्णिमा.

आता वेळेचं. जुना श्लोक आहे त्याचा अर्थ एवढाच की सकाळची संध्या तारे दिसत असताना केलेली उत्तम, तारे मावळल्यावर मध्यम, सूर्य वर आल्यावर कनिष्ठ. संध्याकाळी उलटं, सूर्य दिसत असताना उत्तम आन तारे उगवल्यावर कनिष्ठ. म्हणजे बघ, तू सहाच्या बसच्या आधी तारे असताना उरकून निघालास तर त्यात कमीपणा काही नाही, ती तर वरच्या प्रतीची झाली. तुला वाटायलंय की सूर्य नाही म्हणून संध्या नाही, तसं नाहीये. आन उशीर झालाच तर त्यालाही शास्त्रानं वाट ठेवलीय, सूर्याला पाण्याची तीन अर्घ्यं देतात त्यावर आणखी चौथं प्रायश्चित्ताचं द्यायचं. ज्यांनी नियम केले त्यांना माणसाला उशीर होतो हे माहीत होतं. नाईट करून आल्यावर आंघोळ कर, चौथं अर्घ्य दे आन मग झोप.

दुपारची तर तुला सोपी जाईल. घड्याळात बारा वाजले म्हणजे आपल्याकडं मध्यान्ह होत नाही. आपलं घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर आन संभाजीनगर आहे 75.3 च्या आसपास, त्यामुळं तिथं सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला, ऋतूप्रमाणं पाव तास मागं-पुढं. नांदेडला बारा-वीस धर. दिवसाचे पाच भाग केले तर मधला भाग मध्यान्ह, म्हणजे सव्वाअकरापासून दीड-पावणेदोनपर्यंत तुझ्या हातात वेळ आहे. जेवणाची सुट्टी त्यातच येत असंल.

उदगीर_रहिवासी

काकांचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलं की नित्यकर्म म्हणजे नित्य. आज केलं उद्या नाही असं सुरू झालं की वर्षभरात काहीच राहत नाही, मी माझ्या भावाचं पाहिलंय. मुलानं आधी घरच्या पद्धतीच्या जाणत्या माणसापाशी बसून दीड-दोन महिने नीट पाठ करावं, स्वर-उच्चार पक्के करावेत आन मगच संकल्प करावा. अर्धवट मंत्र म्हणून आजोबांच्या ताम्हणात पाणी सोडू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

परळीकर_काका

शिकण्याचं तुमचं शंभर टक्के बरोबर, गुरुमुखातूनच यायला पाहिजे. पण तोपर्यंत काय करावं त्यानं? आचमन येतंय, गायत्री येतेय. 108 नाही तर 28, तेही नाही तर 10 वेळा तरी म्हणावी असं आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवलंय ना? गायत्रीचं पाणी अर्धवट कसं होईल?

लातूरची_लेक

मी संध्या करत नाही पण एक सांगावंसं वाटलं म्हणून लिहायलेय. 2016 चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं. आमच्याकडं नळाला कितीतरी दिवस पाणी नव्हतं, टँकर आला की मी आन आई घागरी घेऊन रांगेत. वडील त्रिकाळ संध्या करणारे. त्या दोन महिन्यांत त्यांनी एका फुलपात्रात, चहाचं असतं तेवढं, मोजून पाणी घेतलं आन तिन्ही संध्या त्यातच केल्या. आचमनाला पळीत थेंब-दीड थेंब, मार्जनाला दर्भाचं टोक बुडवून शिंपडायचे. संध्या संपली की ताम्हणातलं पाणी उचलून तुळशीला. "आपो हि ष्ठा" म्हणताना त्यांचा आवाज त्या दिवसांत वेगळाच यायचा, त्या ऋचा पाण्याच्याच आहेत ना, पाण्या तू सुख देणारं आहेस, आम्हाला बळ दे अशा. मी बाजूला रिकाम्या घागरी पालथ्या घालत असायची आन ते ऐकून गळा भरून यायचा.

एक दिवस आईला ताप होता, प्यायलाच पाणी कमी पडलं. त्या दुपारी वडिलांनी सगळी संध्या मनातल्या मनात केली, डोळे मिटून, हात कोरडे. उठले तेव्हा नेहमीसारखेच शांत होते. म्हणून दादा, पाणी हातात घेऊ नको असं कोणी म्हणलं तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

पाथरीचा_वारकरी

आमच्याकडं मुंज-संध्या नाही, माळ आहे. पण वेळा त्याच बघा. पहाटे काकडा, तिन्हीसांजेला दिवा लावून हरिपाठ. मीबी ड्रायव्हरकी करतो, दिवेलागणीला गाडीत असलो की स्टेरिंगवरच हरिपाठ सुरू करतो, पाठ आहे म्हणून जमतंय. तुम्हीबी आधी पाठ करा भाऊ, पाठ असलं की कुठंबी होतंय.

गोदाकाठ_९४

सगळ्यांचे मनापासून आभार, लातूरच्या ताईंचं वाचून तर दोनदा थांबलो.

काकांनी सांगितलेलं आजीला विचारलं, तिला श्रावणीचं नक्की आठवंना. मग नांदेडला आत्याला फोन लावला. म्हणलं, आत्या, आजोबा कान धरून काय म्हणायचे गं? ती भाकरी करायली होती, तव्याचा आवाज यायला होता. क्षणभर गप्प बसली आन मग एका दमात सगळं म्हणून दाखवलं, प्रवर, गोत्र, "कात्यायनसूत्र", "माध्यंदिन शाखा", आजोबांचं नाव, "अभिवादये" पर्यंत. तिची मुंज नाही, तिला कोणी शिकवलं नाही. लग्न होईपर्यंत रोज तीन वेळा चुलीपुढं बसून ऐकलेलं. म्हणली, दादांचं अभिवादन झालं की पान वाढायचं असायचं, म्हणून तिकडंच कान असायचा.

म्हणजे आम्ही यजुर्वेदी. इथं कंपनीतल्या एका सीनियरनी त्यांच्याच शाखेच्या गुरुजींची गाठ घालून दिलीय, ते रविवारी शिकवायला तयार आहेत. उदगीरच्या दादांचंही खरं वाटलं, म्हणून पाठ झाल्याशिवाय पूर्ण विधी करणार नाही. पण काल पहाटे सव्वापाचला गच्चीवर गेलो, तारे होते, आचमन केलं, उभं राहून दहा गायत्री म्हणल्या आन पळीनं अर्घ्य दिलं. झिजलेली कड कुठल्या बाजूला येते ते हातात धरल्यावर कळलं, आजोबा पळी जरा तिरकी धरायचे.

काका, एक राहिलं विचारायचं. सेकंड शिफ्टला संध्याकाळी सहाला चहाची दहाच मिनिटं मिळतात, बूट काढून पाय धुवायला जागा नाही. तेवढ्यात बसल्या जागी मनातच करावी का, का रात्री रूमवर आल्यावर चौथ्या अर्घ्यासकट?

परळीकर_काका

दोन्ही. सहाला मावळतीकडं तोंड करून मनात दहा गायत्री म्हण, आन रात्री आल्यावर हातपाय धुऊन पाण्यानं कर. आन आत्याकडून ते अभिवादन रेकॉर्ड करून घे, या रविवारच्या आधीच.